भाजी कमी पडली नव्हती, दादा

दादा, काल तुझी तेरवी झाली. निम्मं बार्शीटाकळी जेवून गेलं आणि जाताना प्रत्येकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, तुमी भावासाठी लय केलं," असं म्हणाले. मी नुसते हात जोडत राहिलो. एवढी माणसं गेली की जरा मोकळं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. आज सकाळी अमरावतीला परतलो, शाळेत आणखी एका दिवसाच्या रजेचा अर्ज पाठवला आणि हे लिहायला बसलो.

गेलेल्या माणसावर लिहिताना लोक त्याचा जन्म, शिक्षण, तो कोणकोणत्या मंडळांवर होता हे सगळं लिहितात. तू कुठल्याच मंडळावर नव्हतास. तुझं जन्मसाल आईलाही धड सांगता येत नसे. आणि शाळेत तू गेलाच नाहीस. बाबा गेले तेव्हा कोणीतरी मोट हाकायला हवी होती आणि कोणीतरी शिकायला हवं होतं. ही वाटणी तू मला न विचारता करून टाकलीस. त्यामुळे तुला वाचता आलं नाही कधी. खरं सांगू, म्हणूनच लिहायचा धीर झाला. तुला वाचता येत असतं, तर मी हेही लिहिलं नसतं.

आपण भांडायचो किती! विक्रीला न्यायच्या जुड्यांवर पाणी मारावं की नाही, हे आपलं भांडण तर शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, पाण्यानं पाला लवकर सडतो. तू म्हणायचास, "तुले उन्हात अकोल्यापावतर गाडीत बसवतो बिनपान्याचा, मंग सांग." अमावास्येला तू रोप लावू देत नव्हतास, त्यावरून मी तुला हसायचो. मी काही समजावून सांगायला लागलो की तू वहिनीला हाक मारायचास, "ये वो, मास्तरची शाळा भरली." पण हसून झालं की तू सगळं ऐकून घ्यायचास आणि मनात पक्कं बसवायचास. मग मळ्यात कोणी वेगळं बोललं, तर "मास्तरनं सांगतलं हाय" एवढं म्हणून त्याचं तोंड बंद करायचास. तुझा हा विश्वास मला फार आवडायचा. आता त्याची भीती वाटते.

आपली कमल झाली तेव्हा तू अमरावतीला आला होतास, डोक्यावर मेथीची आणि सांबाराची पाटी घेऊन. पुण्याकडून बदलून आलेले आमचे हेडमास्तर सांबाराला कोथिंबीर म्हणतात, याचं तुला भारी हसू यायचं. पोरीला तिसरा दिवस होता. सकाळी तिच्या आईनं, सुमननं, दुपटं उचललं तर ते लाल झालेलं. बेंबीतून रक्त येत होतं. फार नाही, थेंब थेंब, पण थांबत नव्हतं. सुईण म्हणाली, हळद दाबा. हळद दाबली. हळदीतूनही रक्त आलं. मी पुस्तकं शिकवणारा माणूस, नुसता दारात उभा राहिलो. तू पोरीला धोतराच्या सोग्यात गुंडाळलंस आणि टांगा मिळेपर्यंत थांबलाही नाहीस. बायकांच्या दवाखान्यापर्यंत पायी पळत गेलास. मी तुझ्या मागे पळत होतो.

तिथल्या डॉक्टरांनी पोरीच्या मांडीत एक बारीकशी सुई दिली. लढाईचे दिवस होते, औषधाच्या कुप्या नागपूरहून मोजून यायच्या. ते म्हणाले, याला के जीवनसत्त्व म्हणतात. हे नसलं की रक्त गोठत नाही. मूल जन्मतं तेव्हा त्याच्याकडे याची शिल्लक फार थोडी असते, आईच्या दुधातही ते कमीच असतं, म्हणून काही मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असं रक्त जातं. संध्याकाळपर्यंत बेंबी कोरडी झाली. दुसऱ्या दिवशी पोरगी भोकाड पसरून रडली आणि तू तिच्याहून मोठ्यानं रडलास.

मग डोळे पुसून तू डॉक्टरांना म्हणालास, "सायेब, मलेबी टोचून द्या एक. ताकद येईन." ते हसले. म्हणाले, "हे ताकदीचं औषध नाही, बाबा. ज्याच्या रक्तात कमी आहे त्यालाच ते उपयोगी. तुमच्या रक्तात भरपूर आहे, वर आणखी घालून काही वाढायचं नाही. या पोरीलासुद्धा पुरेसं दिलं, आता पुन्हा देणार नाही." तू विचारलंस, "कायपासून करतेत हे?" ते म्हणाले, "आता कारखान्यात करतात. पण मूळचं सापडलं ते हिरव्या पाल्यात."

हिरव्या पाल्यात! तुझा चेहरा मला अजून दिसतो. तीन पिढ्या आपण पालेभाजी पिकवतोय. कापसावाले आपल्याला पाल्यावाले म्हणून हिणवायचे. आणि इथं एक कोट घातलेला डॉक्टर सांगत होता, की तुझ्या पुतणीचा जीव पाल्यानं वाचला. नंतर मी कुठल्याशा मासिकात त्यावर लेख वाचला आणि मळ्यातल्या ओट्यावर बसून तुला यादी सांगितली. पालक, मेथी, चवळाई, कोबी. तू ती तोंडपाठ केलीस. अकोल्याच्या बाजारात बसून ओरडायला लागलास, "घ्या, रक्त थांबवनारा पालक घ्या, डाक्टरचं औषध हाय!" वहिनी लाजून पदर तोंडाला लावायची. मी पोट धरून हसायचो.

मासिकातला तो लेख दोन भागांत होता. दुसरा भाग ज्या अंकात आला तो मला मिळाला नाही आणि मी तो शोधलाही नाही.

या हिवाळ्यात तू पिवळा पडलास. नाताळच्या सुटीत मी आलो तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते. अंगाला खाज सुटून तू रात्रंदिवस ओरबाडत होतास, शौचाला चिकणमातीसारखं पांढुरकं होत होतं. चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ उतरवणारा येतो ना, त्याच्याकडून तू तीनदा उतरवून घेतली होतीस. तेल-तूप बंद होतं. मी चिडलो. चुन्याच्या पाण्यानं काय होतं, म्हणालो. तू म्हणालास, "पानी पिवळं होते न बे. म्या माह्या डोयानं पाह्यलं." तुला गाडीत घालून मी अकोल्याला नेलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तुझ्या बोटाला टोचलं आणि हातात घड्याळ धरून बसले. रक्त गोठायला फार वेळ लागला. ते म्हणाले, पित्ताच्या नळीत काहीतरी अडकलंय, खडा असेल किंवा दुसरं काही. नागपूरला नेऊन पोट उघडावं लागेल. पण आत्ता उघडलं तर रक्त थांबणार नाही. आधी रोज एक के जीवनसत्त्वाची सुई घ्यायची, आठ-दहा दिवस, मग रक्त पुन्हा तपासायचं आणि नागपूर गाठायचं. त्यांनी एवढंही बजावलं, की या सुईनं कावीळ जाणार नाही, रक्त तेवढं आवरेल.

दोन सुया तू घेतल्यास. तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर उन्हात बसून तू मला विचारलंस, "मास्तर, हे आपल्या कमलले देल्लं तेच हाय न?"

"हो, तेच," मी म्हणालो.

"मंग कायले मी रोज अकोल्याले हेलपाटे घालून राह्यलो? हे तं आपल्या वाफ्यात हाय."

दादा, मी तेव्हा काय केलं माहीत आहे? मी हसलो. किती दिवसांनी तुझ्या तोंडावर जरा तेज आलं होतं. मला वाटलं, बरं वाटतंय तर वाटू दे. मी म्हणालो, "हाय तं. खा पोटभर." सुया बंद कर असं मी म्हणालो नाही. घेत राहा असंही म्हणालो नाही. त्याच दुपारी सुटी संपली म्हणून मी अमरावतीची गाडी धरली. तुझ्या चुन्याच्या पाण्याला हसलो आणि त्याच ओट्यावर बसून तुला माझा पालक देऊन आलो.

त्यानंतर तू अकोल्याला गेलाच नाहीस. सकाळी पालक, दुपारी मेथी, संध्याकाळी चवळाई. कावीळ म्हणून तेलाचा थेंब नाही, नुसती मिठात उकडलेली. वहिनी पहाटे दवात जाऊन कोवळा पाला खुडून आणायची, बाजाराच्या जुड्या बांधायच्या आधी तुझी भाजी काढून ठेवायची. पोटाचं तुला भय होतं, हे आता कळतं. नागपूरला पोट उघडतील, ते तुला नको होतं. पालकानं तुला एक वाट दाखवली आणि वाट दाखवणारा मी होतो.

तुझ्या पुतणीला वाचवणारे ते डॉक्टर मला पंधरा दिवसांनी भेटले, आमच्या शाळेत मुलांचे डोळे तपासायला आले होते. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आमचा भाऊ कावीळ झाल्यापासून के जीवनसत्त्व मळ्यातूनच घेतोय. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मास्तर, नळी बंद आहे म्हणता ना? मग पित्त आतड्यात उतरत नाही. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळणारं. पित्त असल्याशिवाय ते आतड्यातून रक्तात जातच नाही. सगळा मळा खाल्ला तरी जसा आत गेला तसा बाहेर येईल. त्यांना सुईच हवी. गोळी द्यायची झाली तरी बरोबर पित्ताचे क्षार द्यावे लागतात. तुम्ही आजच जा."

आजच जा, असं म्हणाले. आणि मी गेलो नाही. मंगळवारी शाळेची तपासणी होती, हे मी सुमनला सांगितलेलं कारण. पण त्या दिवशी शनिवार होता. रविवारी बडनेऱ्याला गाडी बदलून मी दुपारपर्यंत तुझ्यापाशी पोचलो असतो आणि सोमवारी परत आलो असतो. कारण वेगळंच होतं. तुझ्यासमोर बसून "माझं चुकलं" म्हणायची मला लाज वाटली. उभ्या जन्मात तुझ्यापुढे माझं कधी काही चुकलं नव्हतं. निदान तुझं तसं मत होतं आणि ते मला मोडायचं नव्हतं.

म्हणून मी कार्ड लिहिलं. त्यातलं वाक्य मला पाठ आहे: "पालेभाजी प्रकृतीस उत्तमच आहे, तथापि सोबत डॉक्टरांच्या सुयाही चालू ठेवाव्यात हे बरे." किती विचार करून लिहिलं होतं! कुठंही मी चूक ठरू नये, अशा बेतानं. शेजारच्या नामदेवानं ते तुला वाचून दाखवलं. तू त्याला म्हणालास म्हणे, "पाह्य, भाजी उत्तम हाय असं लिवलं मास्तरनं." आणि कार्ड देवाच्या कोनाड्यात ठेवून दिलंस.

नामदेवच मला न्यायला आला. त्याच्याबरोबर मी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आदल्या संध्याकाळपासून तुझ्या नाकातून रक्त येत होतं, मग हिरड्यांतून, मग उलटीतून. अकोल्याचे डॉक्टर स्वतः टांगा करून आले होते, सुई देऊन बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "हिला काम करायला काही तास लागतात. काल दिली असती तर..." त्यांनी पुन्हा तुझी नाडी पाहिली.

तू शुद्धीवर होतास. मला पाहून तू हात हलवलास, मी जवळ बसलो. तुझ्या मिशा रक्तानं चिकटल्या होत्या, वहिनी ओल्या फडक्यानं पुसत होती, पुन्हा पुन्हा. तू म्हणालास, "भाजी कमी पडली का बे, मास्तर?"

मी म्हणालो, "नाही, दादा."

"पडली असन," तू म्हणालास. "मंधात दोन दिस म्या खाल्ली नाई. तोंडाले चवच नव्हती. तुले सांगतलं नाई, तू रागावशीन म्हनून."

मी रागावेन म्हणून! तू मरत होतास आणि माझी क्षमा मागत होतास. तेव्हा सांगायला हवं होतं. दादा, दोन दिवसांनी काही झालं नाही, तू रोज खाल्लीस तेव्हाही ती तुला लागत नव्हती, तू काहीच चुकला नाहीस, चुकलो तो मी. एवढं चार ओळींचं होतं. तू समजून घेतलं असतंस. कदाचित शिवी दिली असतीस, "भैताडा" म्हणाला असतास, आणि मग हसला असतास. पण मी तुझा हात धरून बसलो आणि "बरं होईल, बरं होईल" म्हणत राहिलो. चार वाजता तू गेलास. मला न रागावता गेलास, हे मी तुझ्याकडून लुबाडून घेतलंय.

तेरवीच्या आधी एक दिवस मी अकोल्याच्या डॉक्टरांकडे गेलो. विचारलं, सुया चालू असत्या तर तो वाचला असता का? मला वाटतं, ते नाही म्हणतील या आशेनं मी गेलो होतो. ते म्हणाले, "सांगता येत नाही. यकृतच दमलेलं असेल तर सुया देऊनही रक्त सुधारत नाही. नागपूरला पोट उघडून काय निघालं असतं, कोण जाणे. खडा असता तर कदाचित वीस वर्षं जगले असते. दुसरं काही असतं तर चार महिने." मी घरी आलो. वीस वर्षं आणि चार महिने, या दोहोंमध्ये आता मी राहतो. एखाद्या दिवशी वाटतं, चारच महिने होते. मग स्वतःचीच किळस येते, की भावाला मोठा रोग असावा असं मी मनात धरतोय.

आणि तरी दादा, कमल अंगणात पळते तेव्हा तुझा तो धोतराचा सोगा मला आठवतो. तिच्या अंगातलं रक्त तू वाचवलंस. त्याचं मोल सांगायची ताकद माझ्यात नाही. पण ते आठवूनही बरं वाटत नाही, कारण मग तुझं रक्त आठवतं. कुठूनही सुरुवात केली तरी मी तिथंच येतो.

काल पंगती उठल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. तेरा दिवसांत ती माझ्याशी फारसं बोलली नव्हती. मला वाटलं, तिला कळलं. खरं सांगतो, जरा सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, आता ही विचारेल आणि मी सगळं सांगून टाकेन.

ती म्हणाली, "भाऊजी, एक इचारू? तुमी शिकेल मानूस हाय."

"विचारा, वहिनी."

"ते दोन दिस त्यायनं भाजी नाई खाल्ली न. नाई म्हनले तं म्याबी ताट उचलून घेतलं. म्हनलं, जाऊ दे, उद्या खातीन." तिनं डोळे माझ्यावर रोखले. "म्या जोर करून चारली असती तं वाचले असते का वो ते?"

सगळं माझ्या ओठावर आलं होतं. ओसरीवर माणसं होती, नामदेव पत्रावळी गोळा करत होता, कोणीतरी पुन्हा एकदा म्हणत होतं, मास्तरनं भावासाठी लय केलं. मी म्हणालो, "आता त्याचा विचार करू नका, वहिनी. व्हायचं ते झालं."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "म्हंजे वाचले असते."

दादा, तेव्हाही मी सांगितलं नाही; उठलो आणि नामदेवाबरोबर पत्रावळी गोळा करू लागलो.